माझ्या स्लाइडवरची पश्चावस्था

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण डॉक्टर. ब्लडप्रेशर वाढलंय, राग मनात साठवू नका, लिहून काढा, म्हणाले. वास्तविक मला राग येत नाही. लोक चुका करतात आणि मी त्या दाखवतो, एवढंच. पण डॉक्टरांचा मान ठेवायचा म्हणून लिहितो.

संकल्प: चिडायचं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चिडलो. पण कारण ऐकलं तर भिंतसुद्धा चिडेल.

माझा पेशीविभाजनाचा चार्ट. शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागलो त्या वर्षी मी स्वतः काढलेला. कापडावर, चार रंगांत, चार गोल. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. पेशीतले दोरे जाड होतात, मधोमध रांगेत उभे राहतात, दोन बाजूंना ओढले जातात, मध्ये भिंत पडते. एकीच्या दोन. खलास. मुलांच्या किती पिढ्या या चार्टवर पास झाल्या. आणि आज प्रयोगशाळेत जाऊन बघतो तर चार्ट खाली उतरवून, गुंडाळी करून, कपाटावर टाकलेला. कुणी? नव्या बाईंनी. आमच्याच विषयाच्या. शाळेत येऊन धड वर्ष नाही झालं.

जाब विचारला. थंडपणे म्हणाल्या, सर, चार्टखाली कांद्याची पेशी असं लिहिलंय आणि आत तारककेंद्रं काढलीत. ती प्राण्यांच्या पेशीत असतात, कांद्याच्या नाही.

मी म्हटलं, इतक्या वर्षांत एकाही कांद्याने तक्रार केली नाही. आणि तरातरा बाहेर आलो. बिनतोड उत्तर. बाहेर आल्यावर लक्षात आलं की चार्ट आतच राहिला. परत गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घरात घरभेदी.

जेवताना हा प्रकार कन्येला सांगितला. कन्या म्हणजे आमचं एकुलतं एक अपत्य. आमच्याच शाळेत आहे. पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जाईल, जिथे जीवशास्त्र मी शिकवतो. वाटलं, बापाची बाजू घेईल. तर ताटातून मान वर न करता म्हणते, पण बाबा, कांद्याला नसतंच ते.

मग हेही कळलं की शाळा सुटल्यावर ती बाईंच्या मायक्रोस्कोप गटात बसते. मायक्रोस्कोप बाईंनी स्वतःचा आणलाय म्हणे. हिला माहीत होतं. हिला म्हणजे बायकोला. अख्ख्या घराला माहीत होतं, मी सोडून. अख्खं घर म्हणजे त्या दोघीच, पण मुद्दा तो नाही.

ताट ढकलून उठलो. थोड्या वेळाने परत बसलो, कारण भूक. याला राग म्हणत नाहीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं म्हणणं असं: जीवशास्त्राचे शिक्षक दोन, वरचा वर्ग एक. पुढच्या वर्षी तो कुणाला द्यायचा? तर बावीस तारखेला पालकांसाठी विज्ञानाचं प्रात्यक्षिक आहे. दोघांनी पेशीविभाजन दाखवायचं. ज्याचं पालकांना कळेल त्याला वर्ग.

म्हणजे माझाच वर्ग मी जिंकून घ्यायचा! आपल्याच घराचं दार वाजवून आत येऊ का विचारायचं! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, हरकत नाही, सर.

हेडसर म्हणाले, मात्र चार्ट चालणार नाही, मायक्रोस्कोपखाली खरी पेशी दाखवायची. म्हटलं, त्यात काय, डाव्या हातचा मळ.

मला स्वतःला मायक्रोस्कोपची गरज अशी कधी पडली नाही. जे तोंडपाठ आहे ते वाकून बघायचं कशाला? शाळेचा मायक्रोस्कोप मीच कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही त्याच्यावर.

खरं सांगायचं तर प्रश्न वर्गाचा नाही. त्या वर्गात पहिल्या बाकावर कन्या बसणार आहे. ती पाळण्यात होती तेव्हाच मी ठरवलं होतं, एका पेशीच्या दोन कशा होतात ते हिला मी शिकवणार. दुसरं कुणी नाही. ती बाई तर नाहीच नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कामाला लागलो. कृती मला ठाऊक आहे, दरवर्षी मीच डिक्टेट करतो. ग्लासभर पाण्यावर कांदा बसवायचा, बुडाला पाणी लागलं पाहिजे. मुळं फुटतात. मुळाचा तुकडा ॲसिडमध्ये गरम करून मऊ करायचा, लाल रंगात बुडवायचा, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायचा. पेशी हजर.

घरातले सगळे ग्लास खिडकीत. प्रत्येकावर एक कांदा. हिने विचारलं, पाणी कशातून प्यायचं? म्हटलं, विज्ञानासाठी लोकांनी प्राण दिलेत, तू ग्लास दे. ती म्हणाली, प्राण देणाऱ्यांनी आधी ग्लास धुऊन ठेवले असतील. दुर्लक्ष केलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एकाही कांद्याला मूळ नाही. मुद्दाम करतात.

दुकानात जाऊन दुकानदाराला झापलं. तो म्हणे, काका, कोंब आणि मुळं फुटलेला कांदा दिला की गिऱ्हाईक भांडायला येतं, न फुटलेला दिला म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. मला काका म्हणाला. वयाने माझ्याएवढाच असेल. दुकान बदलणार.

हिने टोपलीच्या तळाचे जुने, मऊ पडलेले कांदे आणून दिले. फेकायलाच काढले होते म्हणे. संशोधनासाठी कचरा! संतापाच्या भरात तेच ग्लासांवर ठेवून दिले.

संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वर्गात डिक्टेशन. मुळाची वाढ टोकाशी होते. अधोरेखित करा. दोनदा करून घेतलं. मागच्या बाकावरचा एकजण हसला, त्याला उभं केलं. नंतर कळलं की त्याला शिंक येत होती. उभं राहिल्याने शिंकेचं काही बिघडत नाही.

घरी आलो तर जुन्या कांद्यांना मुळं! लांब, पांढरी, झुपकेदार. माझा अंदाज बरोबर निघाला.

शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी

मुळं कापली. देखणी आहेत. फक्त टोकं तेवढी पिवळट, मळकी. नासली असणार. स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. कात्री घेऊन एकूणएक टोक छाटलं, बशीत टाकलं. उरलेली स्वच्छ पांढरी मुळं बाटलीत भरली.

कन्या बशीकडे बघत उभी. म्हणाली, बाबा, टोकं मी घेऊ? म्हटलं, घे, कचराच आहे. ती आणखी काही बोलणार होती, म्हटलं, मध्ये बोलू नकोस, माझ्या हातात कात्री आहे. बशी घेऊन गेली. बिचारी. बाईंच्या नादी लागून कचरा वेचायला लागली.

त्याच दिवशी, दुपारी

शाळेतून मायक्रोस्कोप घरी आणला. पहिली काच अंगठ्याखाली फुटली. दुसरीही. हल्ली काचा धड बनवत नाहीत. तिसऱ्या काचेवर लाल विटा दिसल्या. लांबट विटांची भिंत. एकही वीट विभागत नव्हती. जेवणापर्यंत वाट पाहिली.

मायक्रोस्कोप बिघडलेला आहे. तसं हिला सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. लग्न झालं तेव्हा हिला एवढ्या म्हणी येत नव्हत्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

विजय!!!

आज हट्टाला पेटलो. डोळा आयपीसला पार चिकटवला. आणि दिसलं. काळे, बाकदार, टोकाशी निमुळते होत गेलेले धागे. ओळीने. सगळे एकाच बाजूला ओढलेले. माझ्या चार्टवरचा तिसरा गोल. पश्चावस्था! आणि ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे, हलते! मध्येच झपकन खाली येते आणि परत वर जाते. असं पुस्तकात कुठेही दिलेलं नाही. बहुतेक मीच पहिला.

कन्येला हाक मारली. तिने पाहिलं. म्हणाली, मला तर विटा दिसतायत. म्हटलं, अनुभवी डोळा लागतो. म्हणाली, रंग लाल आहे, मग धागे काळे कसे? म्हटलं, दाट झालं की लाल काळंच दिसतं. म्हणाली, ॲसिडमध्ये शिजवलेली पेशी हलेल कशी, बाबा? आता मात्र ताळतंत्र सुटला. म्हटलं, बापाची उलटतपासणी घ्यायला शिकवतात का तुझ्या बाई?

मग मला पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं आणि बाजूला उभी राहून कितीतरी वेळ माझ्या डोळ्याकडे बघत राहिली. अभिमान वाटला असणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये नव्या बाई स्वतःहून आल्या. म्हणाल्या, सर, मुळाचं अगदी टोकच घेताय ना, तिळाएवढं? मी म्हटलं, बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी हे शिकवतोय. हिशेब जरा चुकला असेल, भावना बरोबर होती. म्हटलं, आणि नासका भाग मी वापरत नाही.

बाई वह्या उचलून तासाला निघून गेल्या. माघार.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज कन्या म्हणाली, बाबा, उद्या तुमच्या टेबलाशी मी मदतीला उभी राहू?

माझ्या टेबलाशी. बाईंच्या नाही. मी तोंड वाकडं करून म्हटलं, राहा हवं तर. आत जाऊन पाणी प्यायलो. वाटीतून, कारण ग्लास अजून खिडकीत आहेत.

शेवटी रक्ताचं नातं. बाईंची जिरली. उद्या चिडायचं नाही, हा संकल्प नव्हे, शपथ.

शनिवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी

क्रमाने लिहितो.

शाळेचा हॉल. दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप. माझ्या मागे माझा चार्ट. कपाटावरून मीच काढला. तारककेंद्रांवर पांढरे कागद चिकटवले होते. बाईंच्या सांगण्यावरून नव्हे, तिथे डाग पडले होते. स्लाइड मी माझ्या हाताने लावली. मग हेडसरांचं स्वागताचं भाषण सुरू झालं म्हणून पुढे जाऊन बसलो. टेबलाशी कन्या होती.

भाषण संपलं, रांग लागली. फळ्यावर मी खडूने चार गोल काढले, हातानेच, कंपास न घेता, आणि सांगितलं की काळे धागे दिसतील, हलतील, घाबरू नका. पहिल्या एक नर्सबाई होत्या. ओरडल्याच, अगंबाई, दोरे दिसतात! निम्मे इकडे निम्मे तिकडे चाललेत! मागून एक ड्रायव्हर. म्हणे, हो की, अगदी फळ्यावर आहे तस्संच, शाळेत असताना कुणी असं दाखवलं असतं तर मी शाळा सोडली नसती. बाईंच्या टेबलासमोरचे लोक माझ्या रांगेत येऊन उभे राहायला लागले. बाईंकडे बघितलं. त्या हसत होत्या. ढोंगी.

हेडसरांनी पाहिलं. माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांदेखत म्हणाले, मानलं सर तुम्हाला, वरचा वर्ग तुमचाच. कन्या केवढी हसली. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

इथे हॉलमधले दिवे गेले असते तर बरं झालं असतं.

ड्रायव्हर पुन्हा रांगेतून आला. म्हणाला, सर, एक शंका. काळे म्हणालात, पण हे लाल आहेत. आणि हलत तर काहीच नाही.

म्हटलं, बघू. डोळा लावला. लाल. बारक्या बारक्या चौकोनी पेशी, आत काहीतरी गिचमिड. माझ्या विटा नाहीत. घाईत डोळा पुरता टेकवलाही नव्हता, तरी कळलं. ही माझी स्लाइडच नव्हे!

डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून ओरडलो, माझी स्लाइड कुणी बदलली? बाईंकडे बोट केलं, कारस्थान म्हटलं, आणखीही काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. बाई म्हणाल्या, मी तुमच्या टेबलाजवळ फिरकलेसुद्धा नाही. कन्या माझी बाही ओढत होती. बाबा, राहू दे ना, बाबा, घरी गेल्यावर सांगते. बाही सोडवून घेतली. म्हटलं, माझी स्लाइड आत्ताच्या आत्ता इथे पाहिजे!

कन्येने खिशातून काढून दिली.

तिच्या हाताकडे न बघता ती लावली. म्हटलं, हेडसर, या, बघा आता खरी पश्चावस्था. त्यांनी पाहिलं, म्हणाले, विटा दिसतात. नर्सबाई म्हणाल्या, विटाच आहेत. म्हटलं, व्हा बाजूला सगळे. डोळा चिकटवला. हे काय इथे! काळे, बाकदार, ढळढळीत! हललेसुद्धा!

बाई शेजारी आल्या. हळूच म्हणाल्या, सर, डोळा जरा मिचकावून बघा.

मिचकावला. धागे खाली आले, वर गेले. पुन्हा मिचकावला. पुन्हा आले, पुन्हा गेले.

पापण्या आहेत, सर, म्हणाल्या. डोळा फार जवळ नेला की आपल्याच दिसतात. मग मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांचं होतं असं. आधीचं हळू म्हणाल्या होत्या, पण हॉल इतका शांत होता की तेही शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

त्याच दिवशी, घरी

ही म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मग बहुधा कीव आली. म्हणाली, लांब आहेतच तुमच्या पापण्या, लग्नात माझ्या बहिणी बोलायच्या.

कन्येला विचारलं, का बदललीस?

ती चिडली. आजपर्यंत माझ्यावर कधी चिडली नव्हती. चिडल्यावर थेट माझ्यासारखी दिसते, नाकपुड्या फुगतात. म्हणाली, ती तुमच्याच कांद्याची टोकं होती, बाबा, तुम्ही छाटून टाकलेली. वाढ टोकाशी होते, म्हणून पेशी टोकातच विभागतात. तुम्हीच डिक्टेट करता, दोनदा अधोरेखित करायला लावता! बाईंच्या गटात मी स्लाइड शिकायला जात होते, कारण घरी कुणी शिकवत नव्हतं. पण शिकायचं मला तुमच्याकडेच होतं. तुमच्यासारखं फळ्यावर कुणाला काढता येत नाही. पुढच्या वर्षी मला तुमच्या वर्गात बसायचं होतं! मिळाला होता तुम्हाला वर्ग! फक्त गप्प बसायचं होतं!

आणि खोलीत जाऊन दार आपटलं. आमच्याकडे दार मी आपटतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज चिडलो नाही. कुणावर चिडायचं तेच सापडलं नाही. ग्लास धुतले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वरचा वर्ग नव्या बाईंना. हेडसरांनी केबिनमध्ये न बोलावता व्हरांड्यातच सांगितलं. मी म्हटलं, माझ्याही मनात तेच होतं.

बाईंची शनिवारबद्दल माफी मागायला गेलो. प्रयोगशाळेत शब्द नीट जुळेनात, तेव्हा चार्टच्या दोऱ्या वर-खाली होत्या त्या सरळ करून आलो. चार्ट त्यांनी परत टांगला आहे, चिकटवलेल्या कागदांसकट. म्हणाल्या, सर, नवा काढून द्याल का, वरच्या वर्गासाठी? तुमचा हात सुंदर आहे. विचार करून सांगतो म्हटलं. पटकन हो म्हटलं की लोक गृहीत धरतात.

मंगळवार, २५ फेब्रुवारी, सकाळी

कन्या आपण होऊन बोलली. शनिवारी हॉलमधून परत घरी आलेला मायक्रोस्कोप खिडकीशी ओढला, तिची स्लाइड लावली आणि मला बसवलं. म्हणाली, डोळा जरा लांब ठेवा.

लांब ठेवला.

रांगेत नसतात पेशी. चार गोल, एकापुढे एक, असं काही नाही. सगळ्या एका गर्दीत दाटीवाटीने. एकीत नुसता गुंता, तिच्या शेजारणीत मधोमध ओळ, कितीतरी अजून नुसत्या बसलेल्या. आणि कडेला एक, तिच्यातले दोरे निम्मे इकडे, निम्मे तिकडे निघालेले. मध्ये मोकळी जागा. इतकी वर्षं ओढलं जातं, ओढलं जातं, असं सांगत आलो. जाताना असे दिसतात हे माहीत नव्हतं.

कन्येने विचारलं, कोणती अवस्था दिसते, बाबा? म्हटलं, काही धड दिसत नाही, लेन्स ओली झालेली आहे. तिने वाकून पाहिली, बोट लावून पाहिलं. म्हणाली, लेन्स कोरडी आहे, बाबा.

मायक्रोस्कोप जुनाच झालाय. हेडसरांकडे तक्रार करायला हवी.